सुरयांचं अंगण

बेटाचा इतिहास एका दमात सांगता येतो. आधी तिथे फौजेची तोफ होती. ती आयुष्यात एकदाच उडाली, तीही आपल्याच जहाजावर. मग दीपगृह आलं. पुढे ते आपलं आपणच लागू-विझू लागलं आणि ते सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या दोन सुना तेवढ्या मागे उरल्या. नवरे जहाजांवर नोकरीला. घरं लागून, मध्ये गुडघाभर कुंपण. त्यावरून वाटी कधी गेली नाही. शब्द मात्र रोज जात.

उन्हाळ्यात तिथे सुरय पक्षी येतात. सुरय घरटं बांधत नाही. उघड्या वाळूत अंडी घालतो आणि जवळ येईल त्याच्या टाळक्यावर चोच मारतो. धाकटीच्या मते हे वळण थोरल्या जावेचं.

या वर्षी पक्षीखात्याचे साहेब होडीतून उतरले. सुरय दुर्मिळ झालेत, म्हणाले. ज्या अंगणात अंडी दिसतील ते घर पिल्लं उडेपर्यंत रिकामं करायचं.

"मोसमापुरतंच हो."

दीपगृहाची खोलीही मोसमापुरतीच रिकामी केली होती, तिला दोन वर्षांनंतरही खात्याचं कुलूप होतं. दोघी जावांनी एकदमच तिकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

थोरलीने डोकं चालवलं. खायला घातलं की पक्षी येणारच. दुसऱ्या दिवसापासून ती माशांची आतडी कुंपणापलीकडे, धाकटीच्या स्वयंपाकघरामागे भिरकावू लागली.

"जाऊबाई, हे काय?"

"तुझ्याकडे कुणी येत-जात नाही ना. म्हटलं, जरा वर्दळ होईल."

वर्दळ झाली. पण आले ते कुरव, मासेखाऊ समुद्रपक्षी. अंगाने दांडगे, आवाजाने भसाडे. आणि कुरवांना आतड्यांहूनही सुरयांची अंडी आवडतात. धाकटीकडे उतरू पाहणाऱ्या सुरयांनी ही पंगत पाहिली आणि अख्खा थवा कुंपण ओलांडून थोरलीच्या वाळूत बसला.

थोरली बादली-झाडू घेऊन कुंपणाशी आली. "सरक. घाण उचलते तुझ्याकडची."

"राहू द्या. एवढ्या मायेने पाठवलंत."

"अगं, वास येतो."

"मला सवय झाली. शेजार जुना आहे."

साहेब पुन्हा आले तेव्हा थोरलीच्या दारापर्यंत अंडी होती. त्यांनी तिला शहरात सोडायची तयारी दाखवली. बेट सोडलं की घर गेलं, हे थोरली जाणून होती. ती गादीची वळकटी घेऊन धाकटीच्या दारात उभी राहिली.

"खिडकीची खोली दे. माझ्या दारावर नजर हवी."

"ती माझी आहे. तुम्ही स्वयंपाकघरात निजा," धाकटी म्हणाली. "तिथून कुरव दिसतात."

साहेबांनी थोरलीच्या दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि होडी सोडली. थोरलीने वळकटी धाकटीच्या उंबरठ्यावरच टाकली, आपल्या दाराकडे तोंड करून वर बसली आणि तिथून हललीच नाही.