शेळीला आणि हेडसरांना एकच

चौथीच्या वर्गाला एस्नार्टबाई त्या आठवड्यात इंग्रजीतली आज्ञार्थी वाक्यं शिकवत होत्या. वर्ग आंब्याखालीच भरायचा. खोल्या होत्या तीन, त्या वरच्या इयत्तांनी अडवलेल्या. "सिट" म्हटलं की नव्वद पोरं धपकन खाली, "स्टँड" म्हटलं की धुरळा उडवत वर.

मध्येच तियोंगेनं हात वर केला. आजीपाशी वाढणारी ही काटकुळी पोर. प्रश्न विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"बाई, आपल्या चिचेवा भाषेत धाकट्याला 'बस' आणि मोठ्यांना 'बसा'. मग इंग्रजीत 'बसा' कसं म्हणायचं?"

"इंग्रजीत 'बसा' नाहीच. सगळ्यांना एकच."

"म्हणजे शेळीला आणि हेडसरांना एकच?"

वर्ग खदखदून हसला. बाईंनाही हसू आवरेना. "एकच. फक्त माणसाला सांगताना 'प्लीज' लावायचं. म्हणजे मान राखल्यासारखं होतं."

मग 'डोन्ट'ची वाक्यं आली. शेळीला मारू नको, माझा आंबा खाऊ नको. एकानं तर "प्लीज बाई, आज गृहपाठ देऊ नको" असं ठोकून दिलं. बाईंनी त्याला शाबासकी दिली. वाक्य बरोबरच होतं.

शाळेच्या आवारात इंग्रजीच बोलायचं, हा कालियाती हेडसरांचा नियम. चिचेवातला शब्द त्यांच्या कानावर पडला की गळ्यात लाकडी फळी अडकवून दिवसभर हिंडावं लागे. त्यांचा दुसरा नियम कुठं लिहिलेला नव्हता. शाळेमागचं त्यांचं तंबाखूचं शेत तोडणीला आलं की पाळीपाळीनं एकेक वर्ग तिकडं जायचा. ओली पानं काखेत धरली की तंबाखूचा रस कातडीतून भिनायचा आणि पोरांना गरगरायचं. मागच्या खेपेला तियोंगेची मैत्रीण लिनेस ओकून ओकून बांधावर आडवी पडली होती, ती अजून शाळेत आली नव्हती.

त्या गुरुवारी सर आंब्याखाली आले. "मॅडम, आज चौथी शेतावर. आभाळ भरून आलंय, पावसाआधी पानं आत यायला हवीत."

तियोंगे उठून उभी राहिली. मोठ्यांपुढं मुलीनं वाकावं तशी गुडघ्यात वाकली, नजर जमिनीवर, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "प्लीज सर, आम्हाला शेतावर पाठवू नको. प्लीज, तुझी पानं तू तोड."

चिचेवात हे ती मेली तरी बोलली नसती. या वेळी कुणीच हसलं नाही.

सरांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, हे कुणी शिकवलं?"

बाईंची नोकरी अजून कच्ची होती. कायम व्हायला सरांचीच शिफारस लागणार होती. वाक्यात चूक नाही सर, 'प्लीज'सुद्धा दोनदा लावलंय, असं ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"मी व्याकरण शिकवलं, सर. उद्धटपणा तिच्या घरचा."

तियोंगेनं मान वर करून बाईंकडं पाहिलं. तिला राग आलेला दिसत नव्हता. बाई असं का बोलल्या हे तिला कळत नव्हतं, एवढंच. बाईंनी पाठ फिरवली.

"मग शिक्षाही तुम्हीच द्या," सर म्हणाले. "आणि हे आज्ञार्थी बिज्ञार्थी पुरे झालं. पुढचा धडा घ्या."

संडासामागं निलगिरीचा एक जुना बुंधा होता. तो खणून काढायचं काम बाईंनी तिला दिलं, तेही इंग्रजीच्या तासाला. उरलेला वर्ग त्या दिवशी पानं तोडायला गेला. पुढं रोज फळ्यावर लिहिताना बाईंना मागून कुदळीचे घाव ऐकू यायचे. मग एक दिवस ते थांबले. बुंधा अर्धामुर्धा उघडा पडलेला, कुदळ शेजारी नीट टेकवून ठेवलेली, आणि पोर शाळेत नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर बाई तिच्या घरी गेल्या. आजीनं लगबगीनं चटई अंथरली.

"बसा बाई, बसा. तियोंगे होय? ती गेली की शहरात, लिलोंग्वेला. एका घरी मूल सांभाळते."

"आजी, तिला परत बोलवा. मी बोलते हेडसरांशी."

"तेव्हा बोलला नाहीत ना, बाई?" आजीनं साधंच विचारलं. बाई चटईचा काठ उकरत राहिल्या. मग आजीलाच अवघडल्यासारखं झालं. "जाऊ द्या हो. तिथली मालकीण नुसती इंग्रजीत बोलते म्हणे. आधीची पोरगी पळून गेली, तिला काही कळायचंच नाही. आमच्या तियोंगेला सगळं कळतं. हे आण, ते पूस, दार लाव, गप्प बस. एकदा सांगितलं की पुरे. तुमचे उपकार आहेत, बाई."

तिनं उकडलेल्या शेंगांची परडी पुढं केली. नको म्हणणं शोभलं नसतं. बाईंनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि शेंगा घेतल्या. वाटेत त्यांना एकही शेंग खाववेना, आणि टाकवेनाही.