मीठ वस्तादच घालणार

मी पातेलं बोलतोय. लग्नात आहेर म्हणून येतं ते चकचकीत, काचेच्या झाकणाचं पातेलं नव्हे. जाड ॲल्युमिनियमचं, एक कान वाकडा, बूड काळंठिक्कर, बारा जणांचं जेवण एका दमात शिजवणारं. गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. ज्याच्या बुडाखाली जन्मभर जाळ लागलाय, त्याला ते जमत नाही.

माझा जन्म असा फार मोठा नाही. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली दाबली, कडा वळवली, दोन कान ठोकले, झालो मी. माझ्यासारख्या चाळीस भावंडांबरोबर एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आलो. तिथे राज्य होतं वस्तादांचं.

वस्ताद म्हणजे मुख्य आचारी. चिरणारे चिरायचे, धुणारे धुवायचे, ढवळणारे घामाने निथळायचे. पण मिठाच्या बरणीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. डाळ फुटली, भाज्या मऊ झाल्या, की आरोळी जायची, "वस्ताद, मीठ!" मग हा माणूस हात पुसत यायचा, मुठीने मीठ टाकायचा, डावातला एक थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि डोळे मिटायचा. पाचशे माणसं जेवायची. खरं ते सांगतो, तेव्हा तो चुकत नव्हता. एकदाही नाही.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कॅन्टीनच्या पोरांनी मला त्याच्या हाती दिलं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. मी अजून चालू आहे.

घरी आलो तर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे, आकाश नाही. त्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं त्याची बायको रांधत होती. म्हाताऱ्याने एका सकाळी ते ताब्यात घेतलं. "तू बस आता. फार केलंस," म्हणाला. ऐकायला किती छान! तिला विचारलं मात्र नाही. ती उंबऱ्याशी खुर्ची टाकून लसूण सोलायला बसली, ती बसलीच.

रोज एकच पदार्थ, माझ्यातच. तेलात जिरं, कांदा लाल होईपर्यंत, त्यावर लसूण, हळद. मग भिजवलेली डाळ, धुतलेले तांदूळ, गाजर, बटाटा, भोपळा, कोबी, वाटाणे, बाजारात स्वस्त असेल ते. पाणी चारपट. मंद आचेवर तासभर रटरट. डाळ आणि तांदूळ एकमेकांत विरघळले, डाव उभा राहील इतकं दाट झालं, की शेवटी मीठ. आधी घातलं तर डाळ नीट फुटत नाही, असं वस्तादांचं शास्त्र. घरातही आरोळी तीच. "बाबा, मीठ!"

घरात माणसं पाच. वस्ताद, आई, थोरला मुलगा, सून आणि धाकटी मुलगी. धाकटीने तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. का सोडलं, ते कोणी धड विचारलं नाही. फक्त नाव पाडलं, 'अर्धी'. "अर्धी, कांदा चीर." "अर्धी, पाणी भर." म्हातारा हसून हाक मारायचा आणि सगळ्यांनी हसायचं, असा रिवाज होता.

दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होता. उठला तेव्हा बाकी सगळं जागेवर होतं, जीभ आणि नाक तेवढं गेलं होतं.

हे सगळ्यात आधी मला कळलं. एका दुपारी माझं बूड लागलं. धूर निघाला, शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली, "काही करपतंय का हो?" आणि हा माझ्याशेजारी उभा राहून खुशाल गाजर चिरत होता. मग मिठाची मूठ टाकली. थेंब चाटला. डोळे मिटले. पुन्हा मूठ टाकली. पुन्हा चाटला. कपाळाला आठी. पुन्हा मूठ. शेवटी, कुठेतरी थांबायला हवं म्हणून थांबला आणि म्हणाला, "जमलं."

त्या दिवशी पहिला घास थोरल्याच्या तोंडात गेला तेव्हा त्याचे कान हलले. पाण्याचा अख्खा पेला रिकामा केला आणि म्हणाला, "वा, बाबा!" सून म्हणाली, "मस्तच." आईने मान डोलावली. चाळीस वर्षं ज्याने मिठाच्या जोरावर राज्य केलं, त्याला खारट म्हणायचं कोणी? कोणीच नाही. मग रोजच खारट. रोजच वा.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण आईच्या पायांना सूज यायला लागली. चप्पल चढेना. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायची. धाकटी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाई डॉक्टर स्पष्ट बोलणारी होती. हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साठतंय. औषधं दिली आणि म्हणाली, "मीठ दिवसाला अर्धा चमचा, त्यावर कणही नको. नाहीतर माझ्या औषधांचा काही उपयोग नाही."

धाकटीने तो कागद माझ्या वरच्या फळीला चिकटवला. म्हाताऱ्याने चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, "पाचशे माणसांचं मीठ सांभाळलंय मी. मला चमचे शिकवतात!"

धाकटीने पहिला उपाय साधा केला. मीठ पडायच्या आधीच आईपुरतं वाटीभर काढून वेगळं ठेवलं. दोन दिवस निभलं. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला ती झाकलेली वाटी सापडली.

"हे काय?"

"आईचं. बिनमिठाचं."

"माझ्या घरात दोन स्वयंपाक? मी काय तिच्या ताटात विष घालतो?"

"बाबा, तुम्हाला चव कळत नाही. तापापासून कळत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

थोरला पुढे आला. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलला की! "अर्धे, तोंड सांभाळ. स्वतःचं शिक्षण धड पूर्ण केलं नाहीस आणि बाबांना अक्कल शिकवतेस?"

"दादा, तू काल पाच पेले पाणी प्यायलास. का प्यायलास?"

"उकडत होतं."

म्हाताऱ्याने ती वाटी उचलली आणि माझ्यात ओतली. वर मीठ घातलं. आई उंबऱ्यातून म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांचं आता एवढंच तर राहिलंय."

त्या वाक्याचा मला त्या मुठींपेक्षा जास्त राग आला. तिच्याजवळ काय राहिलं होतं, ते या घरात कोणी मोजलं होतं का?

धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली. तांदूळ मिक्सरला फिरवले, चाळणीने चाळले, पुन्हा फिरवले. पांढरी, बारीक भुकटी झाली. बरणीतलं मीठ काढून तिने ती भुकटी भरली. वस्तादांची बोटं भाजून भाजून राकट झालेली. त्यांना फरक कुठला कळायला?

दुपारी आरोळी गेली, "बाबा, मीठ!" म्हाताऱ्याने मूठ टाकली, थेंब चाटला, डोळे मिटले. आणखी दोन मुठी. "आता जमलं," म्हणाला.

मला तोंड असतं तर हसलो असतो. जेवणात मिठाचा कण नाही. घरच्यांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि काय म्हणाले असतील? "वा, बाबा!" खारटालाही वा, अळणीलाही वा. सून दुसऱ्या दिवसापासून मुठीत मिठाची पुडी घेऊन बसायला लागली. सासऱ्यांनी पाठ फिरवली, की चिमूट नवऱ्याच्या ताटात, चिमूट स्वतःच्या. एका घरात दोन धडधाकट माणसं चोरून मीठ खात होती, पण एकाच्याने तोंड उघडवेना.

अकरा दिवस असे गेले. आईच्या पायांची सूज ओसरली. अकराव्या दिवशी ती चप्पल घालून स्वतःच्या पायांनी खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आली. जिन्यात एकदाच थांबली. धाकटीने तिच्या हातातून जुडी घेतली तेव्हा आई तिच्या कानाशी म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं हो. चालू दे."

बाराव्या दिवशी, रविवारी, कोठीवाले काका आले. कॅन्टीनच्या कोठीत वस्तादांच्या बरोबरीने तीस वर्षं काढलेला माणूस. भूक सणसणीत, जीभ त्याहून. ताट पुढे आलं. पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"वस्ताद, अहो, मीठ विसरलात की!"

"काहीतरीच काय! चार मुठी घातलंय."

"कुठे घातलंत? शेजारच्यांच्या पातेल्यात?" काका खो खो हसले. एकटेच हसले. बाकीच्यांच्या माना ताटात.

म्हातारा उठला. बरणी आणली, चिमूटभर भुकटी काकांच्या जिभेवर ठेवली.

"हे तर तांदळाचं पीठ," काका म्हणाले. आता ते हसत नव्हते.

म्हाताऱ्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. थोरल्याच्या, सुनेच्या, तिच्या मिटलेल्या मुठीकडेही, मग आईच्या. सगळ्यात शेवटी धाकटीच्या. बारा दिवस ही माणसं आपल्याला 'वा' म्हणत होती, हे त्याला तेव्हा समजलं. त्याच्या आधीचे 'वा'सुद्धा त्याच पिठाचे होते, हेही समजलं असणार. क्षणभर तो इतका म्हातारा दिसला, की मला त्याची कीव आली. त्या क्षणी तो खाली बसला असता, नुसतं "मला चव लागत नाही" म्हणाला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण त्याने सुनेची मूठ उघडली, पुडी घेतली. थोरल्याला म्हणाला, "मीठ आण." आणि थोरल्याने माळ्यावरून मिठाचा नवा पुडा काढून दिला. हो, त्यानेच दिला. म्हाताऱ्याने पुडा फोडून माझ्यात उपडा केला, डावाने गरागरा ढवळलं आणि आईच्या ताटात वाढलं.

"खा. आणि तूच सांग सगळ्यांना, जमलंय का."

"आई, नको," धाकटी ताट ओढायला गेली. थोरल्याने तिचा हात धरला.

आईने घास घेतला. चावला, गिळला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पदराने टिपलं. "जमलंय," ती म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून, त्याला नीट ऐकू जावं म्हणून, पुन्हा म्हणाली, "अहो, छान जमलंय." आणि ताट संपवलं.

कोठीवाले काका न जेवता उठले. पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, "माझीच चूक झाली." या घरात चूक कबूल करणारा तो एकच माणूस मी पाहिला.

त्यानंतर मीठ रोज तसंच. बरणी आता म्हाताऱ्याच्या उशाशी. धाकटीने बाहेरून अळणी आणून दिलं, तर आई खाईना. "त्यांना कळलं तर?" म्हणायची. आठव्या दिवशी तिला आडवं झोपता येईना, बसल्या बसल्या श्वास घ्यायची. नवव्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेली. संध्याकाळी थोरला एकटाच घरी आला, तिची चप्पल हातात घेऊन.

नातेवाईक जमले. सगळे सोज्वळ चेहऱ्याने म्हणाले, "भरल्या घरातून गेली हो." मग कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याने स्वतःच सुरू केली. "पोरीने बारा दिवस अळणी खाऊ घातलं. अंगातली ताकदच गेली तिच्या." थोरली आत्या म्हणाली, "मीठ तोडलं की माणूस खंगतोच." थोरल्याने मान हलवली. नाही म्हणण्यासाठी नाही, हो म्हणण्यासाठी. डॉक्टरांचा कागद अजून फळीला चिकटलेला होता, सगळ्यांच्या डोक्यापासून वीतभर वर. एकानेही मान वर केली नाही.

धाकटीने भांडण केलं नाही. पिशवी भरली. दुसऱ्या गावात एका छापखान्यात काम मिळालं होतं. निघायच्या दिवशी म्हातारा म्हणाला, "जेवून जा." ती बसली. एक घास खाल्ला आणि ताट सारलं.

"खारट आहे, बाबा. तोंडात धरवत नाही इतकं. आई गेली त्या आठवड्यात रोज असंच होतं. तिला अळणीने नाही मारलं."

म्हातारा थोरल्याकडे वळला. मला वाटतं त्याला त्या दिवशी खरंच ऐकायचं होतं. "खरं सांग रे. खारट आहे?"

थोरल्याने तोंडातला घास गिळला. "नाही, बाबा. बरोबर आहे." आणि पाण्याच्या पेल्याकडे हात नेला.

धाकटी उठली. दार लावलं नाही, आपटलंही नाही. उघडंच ठेवून गेली.

आता मी तिघांपुरतं शिजवतो. थोरल्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र हल्ली जेवणाच्या टेबलावरच असतं. आकडा पाहतो, गोळी गिळतो, "वा, बाबा," म्हणतो. सुनेला दिवस गेलेत. तिच्या घोट्यांवर परवा मी सूज पाहिली. तिने ती पदराआड झाकली.

एवढं मीठ ॲल्युमिनियमलाही सोसत नाही. माझ्या तळाला आतून बारीक खड्डे पडायला लागलेत, टाचणीच्या टोकाएवढे. एक बराच खोल गेलाय. घासताना सुनेचं बोट तिथे अडखळतं आणि ती काही न बोलता पुढे घासते.

माणसांसारखं मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या घरी असा कोणी वस्ताद असेल, तर पुढच्या घासाला बोला. पाया पडून सांगतो, पाणी पिऊ नका, बोला. माझं म्हणाल, तर तो खड्डा आरपार जायची मी वाट पाहतोय. कुठल्याशा दुपारी डाळ खाली झिरपेल, जाळ विझेल आणि त्या दिवशी या घरात जेवण होणार नाही. मला भंगारात देतील. देऊ देत.