सालोमेसाठी उघडा राहिलेला पडदा

मित्रांनो, कसर लागलेले हे जाड जांभळे कापड, म्हणजे मी, एक जुना पडदा. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये वेदीपुढे टांगलेला असतो. इथे चर्च एकच; कॅथलिकही तिथेच येतात आणि प्रोटेस्टंटही. कॅथलिकांच्या उपासनेला मी उघडा, प्रोटेस्टंटांच्या वेळी बंद; त्यांना पलीकडच्या मूर्ती आणि मेणबत्त्या दिसायला नकोत. मला विणले प्रोटेस्टंट विणकराने, शिवले कॅथलिक मठातल्या जोगिणींनी. मी फाटलो की वेदीकडून एक पक्ष ठिगळ लावतो, बाकांकडून दुसरा. एका भोकाला दोन ठिगळे! कापड गेले तरी चालेल, दुसऱ्याचे उपकार नकोत.

माझी दोरी चर्चची राखण करणाऱ्या आलोइसच्या हाती. तो कॅथलिक, बायको सालोमे प्रोटेस्टंट. रविवारी ती बाकावर बसली की तो मला ओढून घरी बटाटे सोलायला जाई. संसार एक, पण देवापुढे दोघे कधी एकत्र बसले नाहीत. मग सालोमे वारली.

अंत्यविधीच्या सकाळी प्रोटेस्टंटांच्या पाळकबाईंनी त्याला सांगितले, की येशूने मरणाआधी शिष्यांसाठी केलेली प्रार्थना सालोमेने वाचायला सांगितली आहे. मरण दाराशी असताना येशूने पित्याकडे मागितले ते यांच्यासाठी. यांना जगातून उचलून ने, असे तो म्हणाला नाही; जगातच ठेव, पण वाइटापासून राख, म्हणाला. यांचे ऐकून पुढे जे विश्वास ठेवतील, त्यांच्यासाठीही त्याने मागितले. बापा, तू आणि मी एक आहोत, तसे हे सगळे एक होवोत, म्हणजे जगाला पटेल की तूच मला पाठवलेस.

"यात कॅथलिक धरलेत का?" आलोइसने विचारले.

"तेव्हा आपली भांडणं सुरू व्हायची होती, आलोइस. तुम्ही दोघंही धरलेले आहात."

आलोइसने मान हलवली. मंडळी जमली, शवपेटी आली, तरी मी उघडाच. वेदीकडे सालोमेच्या कॅथलिक शेजारणी दाटीने उभ्या होत्या. प्रोटेस्टंट वडीलधारा याकोब तरातरा पुढे आला.

"पडदा ओढ. आमची सालोमे काय तुमच्या मेणबत्त्या बघत जाणार?"

"माझ्या कोटावरचं त्यांचं मेण जन्मभर तिनंच खरवडलं," आलोइस म्हणाला. "ती नाही घाबरायची."

"रीत आहे ही."

"असेल. येशूनं जे मागितलंय, त्याला आज माझ्या हातानं मी नाही म्हणणार नाही. तुला ओढायचा तर तू ओढ."

याकोबने दोरी धरली. पाळकबाईंनी थेट वाचायला सुरुवात केली. वाचन चालू असताना हालचाल करणे याकोबच्या शिस्तीत बसत नव्हते. तो दोरी धरून तसाच उभा राहिला. 'हे सगळे एक होवोत' आले, तेव्हा पलीकडच्या शेजारणींबरोबर त्याच्याही तोंडून 'आमेन' निघून गेले. मग दोरी सोडून तो बाकावर बसला. हात दुखला, असे त्याने नंतर सांगितले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बंद झालो. पण आता आलोइस घरी जात नाही. मला ओढून बाकावर बसतो, सालोमेच्या जागेवर.

म्हणून मित्रांनो, माझी एक मागणी आहे. मला खुशाल झटका, धुवा, शिवा. पण ठिगळ लावाल तेव्हा एकाने सुई इकडून घालावी आणि दुसऱ्याने ती तिकडून ओढून घ्यावी.