पालटायची राहिलेली बाजू

कानकोडलूच्या चढावर सुब्राय भट्ट तीनदा थांबले. दोनदा दम लागला म्हणून, आणि तिसऱ्यांदा वर अवधानी गुरुजींच्या अंगणात तिमप्पा हेगडे बसलेला दिसला म्हणून. बारा वर्षं ज्याचं तोंड पाहायचं टाळलं, तो माणूस सुपारीची झावळी हातात घेऊन फणसाच्या पापडांवरचे कावळे हाकत होता. मागे फिरावं, तर सिद्धापुरची बस साडेचारच्या आधी नव्हती. आणि मादेवक्काने त्यांना पाहिलंही होतं.

"या सुब्रायण्णा," गुरुजींची लेक ओसरीवरून म्हणाली. "तुमचीच कमी होती. पाय धुवा आणि दुसरी झावळी घ्या. त्या बाजूला कावळे फार झालेत."

दोघेही पंचाहत्तरीच्या घरातले. एकाला पंचक्रोशी विद्वान म्हणून हात जोडते, दुसऱ्याला तालुक्यातला अर्धा नोकरदार वर्ग 'मास्तर' म्हणून वाकून नमस्कार करतो. मादेवक्काने दोघांना कावळ्यांवर बसवलं होतं, आणि दोघेही मुकाट्याने बसले. पाठशाळेत असतानाही तिच्या आईने त्यांना अशीच कामं लावली होती. तेव्हाचे सोळा विद्यार्थी, त्यातले हे दोनच आता उरले होते.

भांडण साधं होतं, म्हणूनच मिटत नव्हतं. अवधानी गुरुजींच्या जन्मशताब्दीची स्मरणिका निघायची होती आणि तिच्या समितीचा अध्यक्ष तिमप्पा. सुब्राय भट्टांनी आपलं एक पान लिहून पाठवलं. त्यात लिहिलं होतं, 'गुरुजींचे मत होते की संस्कृत आकाशातून पडलेली नाही. गुराख्यांच्या, गाडीवानांच्या, पाणी भरणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून ती घडली, म्हणून ती शिकायचा हक्क सगळ्यांचा आहे.' समितीकडून पान परत आलं. हे वाक्य खोडलेलं होतं आणि समासात एकच शब्द होता, 'असत्य'. अक्षर तिमप्पाचं. ते अक्षर सुब्राय भट्टांनी झोपेतही ओळखलं असतं.

हाच वाद बारा वर्षांपूर्वी भरसभेत झाला होता. तिमप्पा व्यासपीठावरून म्हणाला, "गुरुजी सांगत, संस्कृत कुणी घडवली नाही, ऋषींना ती दिसली." सुब्राय भट्ट मधूनच उठून ओरडले, "थापा मारू नकोस!" तेव्हापासून लग्नकार्यातही एक जेवून गेल्याशिवाय दुसरा पंगतीला बसत नसे.

"मादेवक्का," सुब्राय भट्टांनी पिशवीतून पान काढलं, "तू गुरुजींची मुलगी. यावर सही कर. गुरुजी काय म्हणायचे ते तुला ठाऊक आहे."

"मीही त्याचसाठी आलोय," तिमप्पा कावळ्यांकडेच बघत म्हणाला. "तिने आधी माझ्या पानावर सही करायची."

"तुझ्या? भाषणं ठोकून ठोकून तुला गुरुजी आणि ध्वनिक्षेपक यांतला फरक कळेनासा झालाय."

"आणि तुला गुरुजी आणि सरकारी शाळेचा मुख्याध्यापक यांतला. म्हणे गाडीवानांची भाषा! मग एकेका स्वरासाठी आपण तोंड सुजेपर्यंत घोकलं, चुकलो की उपास केले, ते कशाला? गाडीवानाची शिवी चुकली म्हणून कुणी बारा दिवस उपास केलाय का?"

"पायवाट आधी गुरं पाडतात भावा, मग तिच्यावर दगड बसतात. तू दगडांची पूजा करतोस."

"दृष्टांत पुरे. गुरुजी असं म्हणाले होते की नाही, एवढंच बोल."

"म्हणाले होते. मला म्हणाले होते. इथेच, या ओसरीवर."

सुब्राय भट्टांचा आवाज चिरकला, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. तिमप्पासाठी हा मानपानाचा प्रश्न असेल. त्यांच्यासाठी तसा नव्हता. तेविसाव्या वर्षी मठाच्या पाठशाळेतली शिक्षकाची जागा सोडून ते सरकारी शाळेत गेले, आणि कोळ्यांच्या, विणकरांच्या, मुसलमानांच्या पोरांना संस्कृत शब्द चालवायला शिकवू लागले. तेव्हा देवळात पूजा करणाऱ्या त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं, "हा अधिकार तुला कुणी दिला?" सुब्रायने ताठ मानेने सांगितलं होतं, "अवधानी गुरुजींनी." त्यानंतर वडील नऊ वर्षं जगले, पण मुलाशी पुन्हा बोलले नाहीत. एवढी किंमत ज्या शब्दापायी मोजली, त्या शब्दापुढे तिमप्पाने 'असत्य' लिहिलं होतं.

मादेवक्काने दोन्ही पानं घेतली, वाचली, आणि पापडाच्या पाटाखाली सरकवून ठेवली. मग आत जाऊन अप्पेहुळी, कैरीचं पातळ सार, घेऊन आली. वर मिरचीची फोडणी, थंडगार. दोघांनी भांडी तोंडाला लावली आणि एकदमच डोळे मिटले. तिच्या आईच्या हातचीच चव होती. क्षणभर दोघंही वीस वर्षांचे झाले, सोळा पोरांची पंगत बसली, आणि कोपऱ्यात गुरुजी हसत हसत तिसऱ्यांदा अप्पेहुळी मागू लागले. तिमप्पाचं भांडं रिकामं होताच सुब्राय भट्टांनी सवयीने आपल्यातली थोडी त्यात ओतली, आणि ओतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं भांडण आहे.

"आता ऐका," मादेवक्का खाली बसत म्हणाली. "मी सही करणार नाही. दोघांच्याही पानावर नाही."

"का?"

"तिमप्पण्णा, तुम्ही इथे आलात तेव्हा डोक्यावर केसांचा केवढा फुगा होता, आठवतंय? धारवाडला कॉलेजात एक वर्ष काढून आला होतात. फणसामागे विड्या ओढायचात. पहिल्याच दिवशी गुरुजींना म्हणालात की देव वगैरे भाषा बोलत नाहीत, भाषा माणसं करतात, संस्कृतसुद्धा."

"मी?" तिमप्पाची झावळी हातातच राहिली.

"तुम्हीच. आणि हे सुब्रायण्णा, एवढीशी शेंडी, त्या बोलण्याने कानांवर हात ठेवून माजघरात पळाले. आईला म्हणाले, हा मुलगा पाप बोलतोय, मला घरी पाठवा."

सुब्राय भट्ट हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. माजघर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मादेवक्काच्या आईने हातावर ठेवलेला गुळाचा खडाही आठवला.

"म्हणून त्या नवरात्रात बाबांनी तुम्हाला बाजू दिल्या," ती म्हणाली. "उलट्या. सुब्रायने तिमप्पाची घ्यायची, तिमप्पाने सुब्रायची. वर्षभर त्याच बाजूने बोलायचं, भांडायचं, त्याच बाजूने पाठांतर करायचं. आणि पुढच्या नवरात्रात पालटायची. मी चौदा वर्षांची होते, दाराआड बसून सगळं ऐकायची. सुब्रायण्णा, तुम्ही तर रडलात. म्हणालात, ही बाजू नको, घरी वडील, अप्पय्या, जीव घेतील. तेव्हा बाबा म्हणाले, एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

अंगणात कावळे उतरले. कुणी हाकलले नाहीत.

"आणि भाद्रपदात ताप आला," सुब्राय भट्ट हळूच म्हणाले.

"तीन दिवसांत गेले. सत्तेचाळिसावं वर्ष. पाठशाळा मोडली, सगळी मुलं आपापल्या घरी गेली. पालटायचं राहूनच गेलं."

त्रेपन्न वर्षं. सुब्राय भट्टांना सगळं एकेक करून आठवू लागलं आणि आठवू नये असंही वाटू लागलं. गुरुजी समोर बसून सांगायचे, "असं बोल. आता गुराख्याचं उदाहरण दे. आता पाणी भरणाऱ्या बाईचं." ती शिकवण नव्हती, तालीम होती. तालमीतली वाक्यं ते उपदेश म्हणून घरी घेऊन गेले, आणि बापाच्या तोंडावर मारली.

"मग गुरुजींचं स्वतःचं मत काय होतं?" तिमप्पाने विचारलं. त्याचा व्यासपीठावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मी विचारलं होतं. म्हणाले, दोघं पालटून बोलतील तेव्हा ऐकतो, मग सांगतो."

हातातली झावळी खाली ठेवून तिमप्पा म्हणाला, "चल भावा. आज पालटू. राहिलंय ते उरकून टाकू."

"नाही," सुब्राय भट्ट म्हणाले. इतकं चटकन म्हणाले की त्यांनाच नवल वाटलं. "मी नाही पालटणार. शाळेत पहिल्या वर्षी मी गुरुजींचं म्हणून शिकवलं असेल. पण पुढे एका कोळ्याच्या मुलीने सबंध सर्ग पाठ म्हणून दाखवला, आणि तिची आई खिडकीबाहेर माशांची टोपली घेऊन उभी राहून ऐकत होती. तेव्हा मला गुरुजी आठवलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, हे खरं आहे. एवढंच वाटलं."

त्यांनी पाटाखालून आपलं पान ओढून काढलं. खोडलेल्या वाक्याच्या खाली ते पुन्हा लिहिलं, सगळं तसंच, फक्त सुरुवात बदलली. 'गुरुजींचे मत होते'च्या जागी त्यांनी 'माझे मत आहे' असं लिहिलं. बापाने विचारलं तेव्हाच हे सांगायला हवं होतं. गुरूच्या पाठीमागे उभं राहून बोललो म्हणून अप्पय्या अधिक दुखावले असतील, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पान त्यांनी तिमप्पापुढे धरलं. "छाप नाहीतर नको छापूस. आता हे माझं आहे."

तिमप्पाने ते दोनदा वाचलं. स्वतःच्या पानाकडे मात्र त्याने हात नेला नाही.

"मला असं लिहिता येणार नाही," तो म्हणाला.

"का? तूही 'माझे मत' लिही. एवढी भाषणं केलीस, कोण हरकत घेणार?"

"कारण ते माझं मत नाही." तिमप्पा पापडांकडे बघत बोलत होता. "कधीच नव्हतं. गुरुजींचा शेवटचा शब्द समजून मी तो धरून ठेवला. लोक हात जोडायचे तेव्हा आतून वाटायचं, धारवाडचा तिमप्पा खरं बोलत होता. मग मी आणखी मोठ्याने बोलायचो. त्या दिवशी सभेत तू उठून ओरडलास ना, तेव्हा तुझा राग नाही आला मला, भावा. हेवा वाटला. माझीच बाजू, आणि ती तू बोलत होतास."

तिमप्पाच्या तोंडून असं काही ऐकायची सुब्राय भट्ट बारा वर्षं वाट बघत होते. ते ऐकून आपण काय काय बोलू, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्यही आता त्यांना बोलावंसं वाटेना. त्यांनी चटई ओढली आणि ते तिमप्पाला लागून बसले.

"तिमप्पा, सिद्धापुरला तुझं प्रवचन असलं की मी खांबामागे येऊन बसायचो. ठाऊक आहे तुला?"

"खोड्या काढायला."

"नाही. तू बोलायला लागलास की आमचे अप्पय्या बोलतायत असं वाटायचं. अगदी तेच शब्द, ऋषींना दिसली, कुणी घडवली नाही. त्यांना माझ्या तोंडून जे ऐकायचं होतं, ते मी सोडून गेलो, आणि तू त्रेपन्न वर्षं बोलत राहिलास." सुब्राय भट्टांनी त्याच्या सुरकुतल्या मनगटावर हात ठेवला. "तुला पटलं नसेल. पण माझ्या बापाची बाजू तू राखलीस रे."