गुणगुण

"गुणगुण कुठे गेली?"

एकहार्टने हेडफोन काढला नाही, नुसता एक कान मोकळा केला आणि हे विचारलं. मी हसत होते. मला वाटलं, हे कौतुकच आहे.

"काढली," मी म्हणाले. "तीनशे बारा फायली. तीन आठवडे त्यातच बसले होते."

"सगळ्यांतून काढलीस?"

"एकही सोडली नाही."

त्याने मान हलवली आणि पुढची फाइल लावली. मग तिच्या पुढची. प्रत्येकीचे पहिले काही सेकंद ऐकायचा आणि पुढे जायचा. आमच्यातला उवे बसचालक आहे, त्याला दोन मिनिटं गप्प बसवत नाही. तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "या डोर्तेने तुझ्या लेकरांना चांगलं न्हाऊमाखू घातलं बघ. आता फ्रिजवरून आमची बोलणी खायला नकोत तुला." एकहार्टने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण बोखुम शहरातल्या हौशी बागवाल्यांच्या क्लबघरात जमतो. प्रत्येकाच्या घरी एखादा जुना सिंथेसायझर आहे, तालाचं यंत्र आहे, आणि ऐकणारं घरात कोणी नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण श्रोताही नसतो. म्हणून आम्ही एकमेकांना ऐकवतो. नियम तीनच. आणायचं ते अर्धवट. वाजून झाल्यावर टाळ्या नाहीत, 'छान' म्हणायचं नाही, प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. आणि दुसऱ्याचं रेकॉर्ड करून घरी न्यायचं नाही. हा शेवटचा नियम एकहार्टचा. "कच्चं आहे तोवर ज्याचं त्याच्याकडे राहू दे," असं तो म्हणाला होता, आणि आम्ही तो सतरा वर्षं पाळला.

एकहार्ट लिफ्ट दुरुस्त करतो. कामावर निघण्याआधी, सकाळी सव्वापाचला, तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वीस मिनिटं बसायचा. सुचेल ते वाजवायचा आणि आठवड्यातून एकदा ते समोर ठेवलेल्या छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचा. फाइलला नाव नसायचं, नुसती तारीख. एकही तुकडा त्याने कधी पुरा केला नाही. उवे एकदा म्हणाला, "अरे, एक तरी पूर्ण कर की. माणूस मागे काही ठेवून जातो."

"तुझी दाढी पूर्ण झाली का रे कधी?" एकहार्टने विचारलं. "रोज करतोस ना?"

गेली काही वर्षं त्याच्या प्रत्येक तुकड्यात मागे एक गुणगुण असायची आणि दर काही सेकंदांनी बारीकसं 'फुस्'. आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. वायर बघ, फ्रिज बदल, रेकॉर्डर टेबलावरून हलव. तो म्हणायचा, "राहू दे." आम्हाला तो आळशीपणा वाटायचा. लिफ्टमधली जराशी करकर ज्याला सहन होत नाही, तो माणूस आळशी कसा असेल, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही.

त्याची बायको रोझविटा आजारी असते, फुप्फुसाचं काहीतरी आहे, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. ती कधी क्लबघरात आली नाही, आणि आम्हीही कधी त्याच्या घरी गेलो नाही. मार्चमध्ये ती गेली. दफनाला आम्ही मागच्या रांगेत उभे राहिलो आणि काय बोलावं ते न कळून परत आलो.

एप्रिलमध्ये त्याने माझ्या हातात रेकॉर्डरचं कार्ड ठेवलं. "हे मधूनमधून उघडत नाही. नक्कल करून देशील? नुसती नक्कल."

मी श्रवणयंत्रं बसवून देते. रस्त्याचा गोंगाट, भांड्यांचा खणखणाट, पंख्याचा आवाज बाजूला काढायचा आणि माणसाचा आवाज वर आणायचा, यावर माझं पोट चालतं. तीनशे बारा फायली, आणि प्रत्येकीत ती गुणगुण. माझे हात शिवशिवायला लागले. याला तर एवढं दुःख झालंय, आपण याच्यासाठी काहीतरी करू, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझी करामत त्याला दाखवायची होती. त्याने 'नुसती' म्हटलं होतं ते मी ऐकलं होतं. कानांचं काम करणारी बाई मी, ऐकून सोडून दिलं.

एकहार्टने शेवटी हेडफोन काढला. "मूळ आहेत ना तुझ्याकडे?"

"कार्ड तर नक्कल झाल्यावर बंदच पडलं," मी म्हणाले. "आणि माझ्याकडच्या कच्च्या मी पुसल्या. दोन-दोन नकलांचा गोंधळ नको म्हणून."

तो केकच्या बशीकडे बघत राहिला. त्या दिवशी आलुबुखाराचा केक होता, मीच केलेला.

"ते तिचं यंत्र होतं," तो म्हणाला. "ऑक्सिजनचं. भिंतीपलीकडे असायचं. विमावाल्यांनी वापरायला दिलेलं, दफनाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची माणसं येऊन घेऊन गेली."

उवेने हातातला कप खाली ठेवला.

"फोटो खूप आहेत माझ्याकडे. पण फोटोत ती सगळी बरी असतानाची आहे. ही आजारपणाची सहा वर्षं या फायलींतच होती. मध्येच खोकायची, मग मला कळायचं की जागी झाली."

तो खोकला मला आठवत होता. मला तो एकहार्टचाच वाटला होता. गुणगुण संगणकाने काढली होती, पण खोकला त्याला ओळखता येत नव्हता, म्हणून मी तो एकेक करून हाताने काढला होता. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "तुला कुठे ठाऊक होतं?" आणि जाकीट घालून निघून गेला. केक तसाच राहिला.

पुसलेल्या फायली परत मिळतात का बघायला मी माझा संगणक घेऊन दोन दुकानं फिरले. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने निम्मं ऐकूनच मान हलवली. जूनमध्ये एकहार्ट आला नाही, जुलैतही नाही. ऑगस्टमध्ये मी धीर करून त्याच्या घरी गेले. दार उघडून तो म्हणाला, "कॉफी घेतेस?" तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सिंथेसायझर होता आणि त्याच्या बटणांवर खडूने बारीक खुणा केल्या होत्या. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. भिंतीपलीकडच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तो क्लबघरात आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि पाळी आल्यावर नवं कार्ड लावलं.

सूर नव्हते, ताल नव्हता. नुसती गुणगुण होती, आणि दर काही सेकंदांनी 'फुस्'. इतकी वर्षं मी ती ऐकली होती आणि तीन आठवडे तिच्यामागे हात धुऊन लागले होते. मला ती तंतोतंत वाटली, आणि बटणांवरच्या त्या खडूच्या खुणा कशासाठी होत्या ते कळलं. मध्येच क्लबघराचा फ्रिज घरघरायला लागला. उवे सवयीप्रमाणे प्लग काढायला उठला.

"राहू दे," मी म्हणाले.

तो परत बसला. चार मिनिटांनी तुकडा मधूनच तुटला. मग प्रश्नांची पाळी आली.

उवे नेहमी काहीतरी टपल्या मारतो. त्या दिवशी त्याने विचारलं, "हे कुठे बसून ऐकायचं?"

"स्वयंपाकघरात. मधलं दार लोटलेलं असताना."

"यात कुठे चुकतंय असं तुला वाटतं?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

"गुणगुण थोडी वरच्या पट्टीत लागते. हिवाळ्यात ती खाली असायची."

शेवटी माझी पाळी आली. मला त्याच्याकडे बघवेना, पण प्रश्न विचारायचाच असतो.

"आणि खोकला?"

एकहार्टने कार्ड काढलं, त्यावर तारीख लिहिली आणि शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

"तो जमत नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी बसतो परत."

उवेने कॉफी ओतली. नियमाप्रमाणे कोणीच 'छान' म्हटलं नाही.