बाईंसमोरची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. एका हट्टी सुताराने एकही खिळा न मारता मला घडवले. तेव्हापासून मी एका लहान महाविद्यालयात, तत्त्वज्ञानाच्या बाईंच्या टेबलासमोर उभी आहे.

मित्रांनो, आमच्याकडे एका वर्गात जेमतेम पंधरा मुले. गणितवाल्यांना कविता शिकणे चुकत नाही आणि कवींना प्रयोगशाळा. मग सगळेच कुठे ना कुठे अडतात आणि माझ्यावर येऊन बसतात. "बाई, मला काहीच कळलं नाही!" हे वाक्य माझ्याइतके कोणी ऐकले नसेल. रडत बसलेली मुले हसत उठताना मी पाहिली आहेत. त्यात माझे पॉलिश गेले. जाऊ दे.

पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नव्याने प्रवेश मिळालेली मुले महाविद्यालय बघायला येणार, तर आदल्या दिवशी कार्यालयप्रमुख ओरडले, "हे लाकूड हलवा आधी! पालक काय म्हणतील?"

बाई भांडल्या. तरी मला बाहेर, भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि माझ्या जागी चाकांची चकचकीत खुर्ची आली. ज्यांना कामाच्या खुणांची लाज वाटते, किल्ल्या नेमक्या त्यांच्याच हातात का असतात?

दुसऱ्या दिवशी एक सुतार आपल्या लेकीला घेऊन आला. तिला तीन महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. तिन्ही लहान, तिन्हींची हिरवळ सारखी, माहितीपत्रकातली हसणारी मुलेही सारखीच. संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

"बाबा, चिठ्ठ्या टाकू का?"

"टाक की. आणि पुढची चार वर्षं त्या चिठ्ठीलाच विचारत बस."

एवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. सुतारच तो, राहवते कुठे! त्याने मला सरळ उलटे केले.

"अगं, इकडे ये. ही खालची पट्टी बघ, टाचांनी झिजलीय. हे हाताखाली नखांनी कोरलंय. घाबरलेली पोरं तासन्‌तास बसलीत इथे. त्या दोन कॉलेजांत पाहिलेल्या, सरांसमोरच्या खुर्च्या आठवतात?"

"नव्या होत्या."

"नव्या कसल्या! हिच्याएवढ्याच जुन्या. कुणी बसलंच नव्हतं."

"म्हणजे खुर्ची बघून कॉलेज ठरवायचं?"

"मला लाकूड कळतं, पोरी. बाकीचं तू विचार."

माझा एक पाय हलत होता. त्याने खिशातली पाचर काढून ठोकून बसवली. लेकीने ती चाकांची खुर्ची बाहेर ढकलली, मला आत ओढले आणि बसली.

"बाई, तीन कॉलेजांतलं एक कसं निवडायचं, तेच मला कळलं नाही."

बाई हसल्या. "मग बरोबर जागी बसलीस."

तासभर बोलणे झाले. 'आमच्याकडेच ये' असे बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट तिलाच प्रश्न विचारून विचारून त्यांनी भंडावले. शेवटी तिने कागद माझ्या हातावर ठेवला आणि तिथेच होकार लिहिला.

आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. खालच्या पट्टीवर आता तिच्याही टाचांची खूण आहे. बाप येतो तेव्हा पाचर तपासून जातो.

मित्रांनो, मला जरूर जपा. पाय हलला तर पाचर ठोका. पण पॉलिश करून कोपऱ्यात शोभेला ठेवू नका. काही कळले नाही, तर या आणि बसा.