अकरा नंबरची सिगार

सात नंबरची सिगार पहिल्याच झुरक्याला अडली.

मी ती तोंडातून काढली आणि दोन बोटांत फिरवत दाबून पाहिली. जळत्या टोकापासून तीन बोटे वर, आत, गाठ होती. बाहेरून काही दिसत नव्हते. वरचे पान ताणून गुळगुळीत बसवलेले, तोंडाकडच्या टोकावरची पानाची टोपी नेटकी. पण पोटातली पाने एका जागी एवढी आवळली गेली होती की धूर यायला गाल आत ओढावे लागत होते.

“काय म्हणतेय तुमची सात?” समोरून लांबोड्याने विचारले.

“बोलत नाही अजून,” मी म्हणाले.

“माझी बरी बोलली. पास केली मी.”

“तुला फुकटचं काहीही गोड लागतं,” डॉक्टर खिडकीकडे तोंड करून म्हणाला. “दगड आहे नुसता. मी नापास लिहिलंय.”

डॉक्टर काही खरा डॉक्टर नाही. प्रत्येक सिगार नाडी बघितल्यासारखी धरतो म्हणून ते नाव पडले. लांबोड्याला नाव त्याच्या मानेवरून. आणि मी मावशी. कारखान्यात आम्ही तिघे चाखणारे. लिहिण्याआधी आपसात बोलायचे नाही असा नियम आहे, पण तो भिंतीवर टांगलेला आहे आणि भिंतीवरच असतो.

चाखायचे काम सकाळी आठ ते अकरा, तोंड ताजे असते तोवर; मग संध्याकाळपर्यंत पेट्या मोजायच्या. खालच्या मजल्यावरच्या वळणाऱ्यांच्या हॉलमधून सिगारी येतात, एकेका गठ्ठ्यातल्या तीन, आम्हा तिघांना एकेक. त्यांच्यावर सोनेरी पट्टी नसते, वळणाऱ्याचे नाव नसते, नुसता कागदी आकडा असतो. पहिला तिसरा हिस्सा ओढायचा. धूर गिळायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. मग बिनसाखरेचा चहा, कोरड्या पावाचा तुकडा, आणि पुढची. दिवसाला बारा. ऐकणारे हसतात. बरी नोकरी आहे, म्हणतात. अठरा वर्षे झाली. आता घरचे जेवण मला ओल्या पुठ्ठ्यासारखे लागते. आमटीत मीठ किती पडले ते मास्तर सांगतात.

तिघांतल्या दोघांचे मत चालते. एक पास, एक नापास. म्हणजे सातचा निकाल माझ्या पेन्सिलीत होता.

आणि ती गाठ पाडणारा अंगठा मी ओळखत होते.

मास्तर म्हणजे माझे यजमान. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, त्यांना स्वतःला अक्षर येत नाही. पण अर्ध्या हॉलला वळायला त्यांनी शिकवले. एकोणीस वर्षांची असताना मलाही त्यांनीच शिकवले, शेजारच्या बाकावरून. तरुणपणी त्यांचा डावा अंगठा पाने दाबायच्या यंत्रात सापडला होता. हाड वाकडे बसले. तेव्हापासून त्यांच्या सिगारीत एक जागा किंचित घट्ट असायची. धूर तिथे क्षणभर थांबायचा आणि मग मोकळा व्हायचा. मला ते आवडायचे. दहा जणांच्या दहा सिगारी पेटवल्या तरी ही आमच्या घरची, हे मला डोळे मिटून कळायचे.

दोन वर्षे झाली, त्यांचे हात थरथरतात. थरथर दाबायला ते जोर लावतात. घट्ट जागेची गाठ होते.

तीन महिन्यांत तीनदा नापास झाले की बाक जातो. वळणारा खाली तळघरात, पानांच्या शिरा काढायच्या खोलीत जातो. मास्तर दोनदा नापास झाले होते. पहिल्या वेळी मी खोकल्याने रजेवर होते. दुसऱ्या वेळी मी ओळखून नापास लिहिले होते. खरे तेच लिहिले होते. घरी गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. मी ताट सरकवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आज भूक नसेल तुला.”

आणि ही सात आली त्या दिवशी सकाळी, सदऱ्याची बटणे लावता लावता त्यांनी सांगितले होते, “आज माझा गठ्ठा आहे तुमच्याकडे.”

“मला सांगू नका हो.”

“सांगितलं तर काय होतंय? तुला कळणारच नाही.”

“तुमची सिगार मला कळणार नाही?”

“बघू,” ते म्हणाले आणि पुन्हा बटणाकडे वळले. बटणे लावायला त्यांना वेळ लागतो. मी मदत करत नाही, त्यांना खपत नाही.

पेन्सिल हातात घेऊन मी सातच्या कागदाकडे बघत बसले. पूर्वी आम्ही बोलायचो आणि कारकून लिहून घ्यायचा. मग साहेबांनी नवा नियम काढला, ज्याची जीभ त्याचेच अक्षर. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. वळणाऱ्या बायकांत एक चष्मेवाली आहे, तिने मला जेवणाच्या सुटीत लिहायला शिकवले. मास्तरांनी तिचा हात घडवला होता, तिने माझा घडवला. लोक ‘अ’पासून शिकतात. माझा पहिला शब्द ‘ओढ’, कारण कागदावर तो सगळ्यांत वर छापलेला असतो. मग जळण, राख, वास, चव. ‘अ’ बराच नंतर भेटला.

“मावशी, झोप लागली का?” लांबोडा म्हणाला.

“तुझी बडबड चालू असताना?”

मी ‘पास’ लिहिले. आयुष्यात खोटे बोलले आहे, सगळेच बोलतात. खोटे लिहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा. डॉक्टरने मान वाकडी करून माझा कागद पाहिला. काही बोलला नाही. ते जास्त झोंबले.

आठ, नऊ, दहा कशा गेल्या मला आठवत नाही. चहा प्यायले, पाव चावला, खिडकी उघडून उभी राहिले. खाली अंगणात हातगाड्यांवरून पानांचे गठ्ठे उतरवत होते. पंचेचाळीस वर्षे हेच बघते आहे. वाटले, आता पुरे झाले. दोघांनी घरी बसावे. पण घरी बसून मास्तर त्या हातांचे काय करणार, हे मला कधी सुचलेले नाही.

अकरा नंबरची पेटवली. ही उलट होती. झुरका घ्यायच्या आधीच धूर तोंडात आला. हलक्या हाताने भरलेली. राख बोटभर टिकायला हवी, ती नखाएवढी झाली आणि माझ्या मांडीवर पडली. जरा गरम जळत होती. पण चव स्वच्छ होती. पाने निवडणाऱ्याला पान कळत होते. तंबाखूचे तेज पान बरोबर मधोमध ठेवलेले, जळण सरळ गोल चाललेले.

“चालेल,” लांबोडा म्हणाला.

“चालेल काय? राख बघ,” डॉक्टर म्हणाला. “पडली ही.”

“तुझ्या हाताखाली माणसं कशी जगतात रे?”

“मावशींना विचार.”

पुन्हा माझ्यावर आले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ‘जरा सैल, पास’ असे लिहिले असते. त्या दिवशी मनात सात होती आणि डॉक्टरची ती न बोलता वाकडी झालेली मान होती. एका ठिकाणी ढिली पडले म्हणून दुसऱ्या ठिकाणी ताठ झाले. वाटले, कुणी नवशिका असेल, वय असेल शिकायचे, एका नापासाने काय बिघडते? मी ठसठशीत अक्षरात लिहिले: ‘बांधणी सैल. हाताला पकड नाही. नापास.’ खाली रेघ मारली. रेघ मारायची काही गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मास्तर फाटकापाशी नव्हते. आम्ही रोज बरोबर घरी जातो. थोडी वाट पाहून मी एकटीच निघाले. मी दिवा लावून कपडे आवरत होते तेव्हा ते आले. चपला काढल्या, हातपाय धुतले, खुर्चीवर बसले आणि खिशातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

“वाच.”

घरातले सगळे वाचन माझ्याकडेच असते. विजेचे बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लेकीचे पत्र. नापास झाला की ज्या चाखणाऱ्यांनी नापास लिहिले त्यांचे कागद वळणाऱ्याला देतात, काय चुकले ते कळावे म्हणून. त्यावर आमचे नाव नसते. वरचा कागद डॉक्टरचा होता. अक्षर मात्र त्याचे अगदी खऱ्या डॉक्टरचे आहे, मला लागायला वेळ लागला.

“ओढ जास्त मोकळी. राख टिकत नाही.”

“बरं. दुसरा?”

मी दुसरा उचलला. वर कोपऱ्यात अकरा लिहिलेले होते. खाली रेघ होती.

“वाच ना.”

“बांधणी सैल,” मी वाचले. “हाताला पकड नाही. नापास.”

ते ऐकत होते. ‘बांधणी’ला त्यांनी मान हलवली, ‘पकड’ला पण हलवली. हॉलमध्ये कुणा नवशिक्याने वळलेली सिगार हातात घेतली की हलवायचे तशीच.

“अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“हां. मग बरोबर असेल.”

“अहो, अकरा तुमची होती?”

“माझीच. बरी लपली ना?” ते थोडे हसले. “चार दिवस अंगठा उचलून धरून वळतोय. नुसत्या बोटांवर. मागच्या खेपेला तू ओळखलंस आणि तीन दिवस धड जेवली नाहीस. म्हटलं, ह्या वेळी हिला कळूच नये. परक्याची समजून खरं काय ते लिहील.”

मी कागद टेबलावर ठेवला. तो हातात धरवत नव्हता.

“ती एवढी वाईट नव्हती,” मी म्हणाले. “एरवी मी पास केली असती.”

“मग आज काय झालं?”

सांगू नये असे वाटत होते, पण माझ्याच्याने राहवले नाही. “सात नंबर होती. तिच्यात अंगठ्याची गाठ होती. मला वाटलं, तुमची. मी पास लिहिलं.”

त्यांनी कागद जवळ ओढून त्याची घडी सरळ केली. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होते, त्याचा आवाज येत राहिला.

“ओढ कशी होती?” त्यांनी विचारले.

“दगड.”

“चष्मेवाली. माझं बघून बघून अंगठा तसाच टेकवते. तिचा अंगठा चांगला सरळ आहे, तिला काय गरज आहे? सांगायचं कितीदा मनात आलं.”

“मग सांगितलं का नाही?”

“बरं वाटायचं बघायला,” मास्तर म्हणाले.

मी पदराने टेबल पुसले. ते पुसलेलेच होते.

“राग आला असेल तुम्हाला.”

“आला ना. अकरावर नाही. सातवर आला.”

“मी उद्या साहेबांना सांगते.”

“आणि काय होईल? तिला एक नापास, तुला घरी बसवतील. माझा बाक काही त्याने परत येत नाही. अकरा सैल होती की नव्हती?”

“होती.”

“झालं तर.” ते उठले, थांबले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. “तिला जाऊन सांग, अंगठा सोड म्हणावं. दुपारी जा, साहेब जेवायला जातात तेव्हा. पाठीमागे उभी राहा आणि हात धरून दाखव. मला आता वर येता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रोजच्या वेळी निघालो. त्यांची बटणे लावून होईपर्यंत मी दारात उभी राहिले. फाटकातून आत गेले की जिना लागतो. वर हॉल, त्याच्या वर आमची खोली, आणि खाली तळघर. सकाळी सगळी माणसे वरच जात असतात, कारण खालच्यांची वेळ अर्धा तास आधी सुरू होते. मास्तरांना ते कुणी सांगितले नव्हते.

ते कठड्याला धरून खाली उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरले तेवढ्यात खालून हॉलमधला एक जुना वळणारा ओल्या पानांची टोपली घेऊन वर येत होता. तो हसला.

“काय मास्तर, वाट चुकलात?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “बरोबर चाललोय.”

आणि त्याची टोपली जावी म्हणून ते भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, उभे राहिले.